बिनमार्क्याची पिशवी

आमच्या घरात पाठीला काही लावायची बंदी होती. तशी कुणी लिहून ठेवली नव्हती, पण होती. हातात धरा, काखेत मारा, दुसऱ्याच्या डोक्यावर द्या, पण पाठीवर घ्यायचं नाही. पाठीवर ओझं वाहायचं ते हमालांनी. वडिलांची जळगावात कापसाची पेढी होती आणि पेढीसमोरून दिवसभर पाठीवर पोती घेतलेली, कमरेत वाकलेली माणसं जात-येत असत. ते हमाल आणि आम्ही शेठची माणसं, यांच्यातला फरक घरातल्यांच्या मते पाठीवरून कळायचा. भाऊंच्या पाठीला आयुष्यात सदऱ्याखेरीज काही लागलं नसेल. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळा बाजार त्यांना भाऊ म्हणायचा, म्हणून आम्ही मुलंही भाऊच म्हणायचो. ते स्वतःच्या हातानं एकच वस्तू नेत, ती म्हणजे काळी छत्री. तीही उन्हाळा असो की हिवाळा, बहुतेक वेळ मिटलेलीच असायची.

मी शाळेचं दप्तर छातीशी धरून नेत असे. एकदा पाचवीत असताना पट्टा कपाळाला अडकवून ते पाठीवर टाकलं आणि तशीच घरी आले, तर आजीनं दारातच काढून घेतलं आणि वर एक धपाटा दिला. मला तो धपाटा नीट लक्षात आहे, कारण तो पाठीवरच बसला होता.

आमचे पणजोबा राजस्थानातून आले. घरात आम्ही मारवाडी बोलायचो, पेढीवर मराठी आणि हमालांशी अहिराणी. मी हे सगळं मराठीत लिहितेय, कारण राग आला की मला आधी मराठीच सुचते, आणि या गोष्टीत राग पुष्कळ आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी बी. ए. होऊन दोन वर्षं घरात बसले होते. बसले होते म्हणजे स्थळं येत होती आणि मी चहा नेत होते. त्या दोन वर्षांत मी एकच शहाणपणाचं काम केलं. शिवणयंत्रावरचं भरतकाम शिकले. धुळ्याच्या एका शिवणयंत्रांच्या विक्रेत्यानं ते पाहिलं आणि विचारलं, गावोगावी जाऊन बायकांना शिकवाल का? अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, शेवटी धुळे. प्रत्येक गावी आठ दिवसांचा वर्ग. यंत्रं त्याच्या ओळखीच्या दुकानांत असणारच, मी फक्त नमुने, रिंगा, दोरे आणि स्वतःला न्यायचं. मी हो म्हणून मोकळी झाले आणि मग घरी विचारलं. हा क्रम मी मुद्दाम ठेवला होता.

घरात चार दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. पाचव्या दिवशी भाऊंनी मला पेढीवर बोलावलं. लोडाला टेकून, रस्त्याकडे बघत ते म्हणाले, "एक फेरी करून ये. चारही गावं नीट झाली, कुणाचा एक शब्द ऐकायला लागला नाही, तर पुढचं बघू. आणि शब्द आला, तर परत येऊन मुकाट्यानं मांडवात उभं राहायचं."

सौदा असा होता. एका फेरीवर माझी सगळी पुढची वर्षं लावलेली होती, आणि ते आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी घरात सुटकेस आली. तपकिरी, टणक, कोपऱ्यांना पितळी पत्रे लावलेली, रिकामीच इतकी जड की उचलताना खांदा खाली जावा. ती माझ्या लग्नासाठी घेऊन ठेवली होती, तिचा मुहूर्त असा भलत्याच कामी लागला म्हणून आई डोळे पुसत होती. मी म्हटलं, मला इतकी मोठी नको, कॉलेजात एन.सी.सी.ची मुलं पाठीवर पिट्ठू घेतात तसलं काहीतरी कॅनव्हासचं घेते. आईचे डोळे एकदम कोरडे झाले. "पाठीवर?" एवढंच ती म्हणाली. भाऊंनी पेढीच्या कारकुनाला, मुनीमजींना, हाक मारली आणि सुटकेसवर मार्का मारायला सांगितलं.

मार्का म्हणजे पेढीची खूण. कापसाच्या प्रत्येक गाठीवर काळ्या शाईनं उमटवलेली असते. आमची होती त्रिकोण आणि त्यात दोन आडव्या रेघा. अक्षर नाही, नाव नाही, कारण ती वाचणारा हमाल शाळेत गेलेला नसायचा. पण भुसावळपासून नंदुरबारपर्यंत कुठल्याही स्टेशनावर त्रिकोण-दोन-रेघा दिसल्या की हमाल न विचारता तो माल आमच्या आडत्याकडे नेऊन टाकत. गावोगावी आमचा एकेक आडत्या, म्हणजे दलालीवर आमचा माल उतरवून विकणारा व्यापारी, होता. माल त्याच्याकडे उतरायचा, घरातली माणसंही त्याच्याकडेच उतरायची.

मुनीमजींनी सुटकेसच्या दोन्ही बाजूंना मार्का मारला. शाई वाळेपर्यंत ती पेढीच्या ओट्यावर, गाठींच्या रांगेत उभी होती. मला तेव्हा फार वाईट वाटलं असं नाही. मला जायचं होतं. जाण्यासाठी मी कापसाच्या गाठीतूनही गेले असते.

सुटकेसचं गणित मला अमळनेरला कळलं. ती मला उचलत नव्हती, म्हणून मला हमाल लागायचा. हमाल मार्का बघून आडत्याच्या घरी जायचा, म्हणून मलाही त्याच्या मागे तिथेच जावं लागायचं. आडत्या दुसऱ्या दिवशी जळगावला कार्ड टाकायचा, म्हणून मी कधी आले, कुठे गेले, किती वाजता जेवले, हे भाऊंना घरबसल्या कळायचं. अमळनेरच्या आडत्यांनी त्यांचं कार्ड मला कौतुकानं वाचून दाखवलं. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांनी सुरुवात केली होती, "आपला माल सुखरूप पोचला." मग खोडून "आपली कन्या" केलं होतं. भला माणूस होता. मी हसले, पण तो खोडलेला शब्द पुन्हा एकदा वाचून घेतला.

अमळनेरचे आठ दिवस चांगले गेले. आठव्या दिवशी आडत्यांनी पंचांग काढलं. उद्या अमावास्या. अमावास्येला आमच्या धंद्यात माल हलत नाही, वजन होत नाही, गोदामाचं कुलूप निघत नाही. आणि नरडाण्याचा वर्ग नेमका अमावास्येला सुरू होणार होता. मी म्हटलं, वर्ग आहे, मी जाणार. त्यांनी बराच विचार केला आणि एक तोड काढली. माणसानं अमावास्येला निघावं की नाही याबद्दल दोन मतं असू शकतील, पण सामानाबद्दल एकच. तेव्हा सामान आजच, चतुर्दशीला पुढे पाठवू. मी उद्या मागून जावं. त्यांच्या दृष्टीनं यात सगळ्यांचं समाधान होतं. पंचांगाचं झालं, माझं झालं, भाऊंचं झालं. गाडीतून जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर सुटकेस रवाना झाली.

दुसऱ्या दिवशी मी नरडाण्याला उतरले ती हातात पर्स आणि डब्यातली पुरी-भाजी घेऊन. तिथल्या आडत्यांना सगळे नाना म्हणत. त्यांच्या घरी गेले, तर सुटकेस नाही. चौकशी झाली. स्टेशनवरच्या हमालानं मार्का पाहिला आणि ती सरळ नानांच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नेऊन टाकली, जिथे आमच्या पेढीचा कापूस जायचा. जिनवाल्यानं ती नमुन्यांच्या गाठोड्यांबरोबर गोदामात ठेवली आणि कुलूप घातलं. किल्ली नानांच्या कमरेला होती. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते.

"नाना, उघडा ना."

"आज?" नानांनी किल्लीवर हात ठेवला. "अगं, आज अमावास्या. उद्या दिवस उगवला की पहिलं कुलूप तुझंच."

"पण त्यात माझे कपडे आहेत. नमुने आहेत. बारा बायका येऊन बसल्यात."

"कपडे घरात काकूंकडून घे. नमुने उद्या दाखव. अमावास्येला कुलूप काढलं आणि हंगामात काही वाकडं झालं, तर तुझे भाऊच मला विचारतील."

मी जिनात गेले. गोदामाच्या दारापाशी चारपाच हमाल सुट्टीचे म्हणून बसले होते. मी मोठ्यानं विचारलं, "हे कुलूप फोडायला तुमच्यापैकी कुणी मदत करील का?" कुणी हललं नाही. त्यांच्यातला एक पन्नाशीचा माणूस उठून पुढे आला. स्टेशनवरून सुटकेस आणलेला तोच होता.

"ताई, मार्का पेढीना व्हता ना," तो कानकोंडा होऊन म्हणाला. "मले काय वाचता येस? मार्का दखा नि आठे ठेवी दिन्ही."

त्याच्यावर मला रागावता आलं नाही. त्यानं बरोबर केलं होतं. जे लिहिलं होतं ते त्यानं वाचलं होतं: हा अमक्या पेढीचा माल.

वर्गात गेले. एका कापडदुकानाच्या ओसरीत तीन यंत्रं आणि बारा बायका. काही तर शेजारच्या खेड्यांतून पायी आलेल्या. त्यांनी माझे रिकामे हात पाहिले.

"तुमनं सामान कोठे शे, ताई?" एकीनं विचारलं.

"गोदामात. कोंडलंय."

"बठ्ठं?"

"बठ्ठं, सगळं," मी म्हटलं, आणि मला रडू यायला लागलं. ते बायकांसमोर येऊ द्यायचं नाही म्हणून मी यंत्रावर जाऊन बसले. दुकानदाराकडून एक रिंग आणि लाल दोरा मागून घेतला. कापड? माझ्या अंगावर फिकट आकाशी साडी होती, आईनं प्रवासासाठी दिलेली. मी पदर रिंगेत ताणून बसवला, सुईखाली घातला आणि पाय मारायला सुरुवात केली. साडी अंगावर, पदर यंत्रात. मीच यंत्राला टाचली गेले होते. उठायची सोय नव्हती. बायका अशा हसायला लागल्या की दुकानदार बाहेर येऊन बघून गेला. संध्याकाळपर्यंत माझ्या पदरावर लाल पाकळ्यांची वेल होती आणि त्या बाराजणींना साखळीटाका आणि भरणीचा टाका येत होता. इतका चांगला वर्ग मी नंतरही फारसा घेतलेला नाही.

सकाळी नानांनी शब्द पाळला. दिवस उगवताच कुलूप निघालं आणि तोच हमाल सुटकेस घेऊन आला. खाली ठेवताना म्हणाला, "ताई, आशी पेटी कसाले वागाडतस? हात मोडी जाई." मी त्याला विचारलं, तुम्ही दिवसाला इतकी पोती नेता, तुमची पाठ कशी मोडत नाही? त्यानं मला नीट न्याहाळलं, मी थट्टा करतेय का बघायला. मग सांगायला लागला. बोलता बोलता स्वतःच्या खांद्यावर बोटं ठेवून दाखवत होता.

"पट्टा बारीक नको, खांदामा रुतस. चार बोटं रुंद ठेवा. जड वस्तू पाठले लागीसन ठेवा. नि ओझं वर बांधा, कंबरले लटकाडू नका." मग एकदम थांबून, "पन हाई तुम्हले कसाले?"

"मला शिवायचीय पिशवी."

"तुम्ही? पाठवर?" आणि तो मनापासून हसला. आईनं हाच शब्द उच्चारला होता, पण आईला तो उच्चारताना धक्का बसला होता. या माणसाला नुसती गंमत वाटली. मी काही त्याची बरोबरी करत नव्हते. पोटासाठी ओझं वाहणं आणि हट्टासाठी वाहणं यांत फरक आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण हट्ट माझा होता आणि तो मला पुरा करायचा होता.

दुकानदाराकडून जाड कॅनव्हास घेतलं. वर्गाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी मी बायकांना भरतकाम शिकवायच्या ऐवजी जाड कापडाची शिवण शिकवली: सुई कोणती, टाका किती लांब, कोपऱ्यात दुहेरी शिवण कशी, पट्टा जिथे जोडतो तिथे चौकोन शिवून त्यात फुली कशी मारायची. पट्टे बरोबर चार बोटं रुंद. आत जाड फलाटीनचं अस्तर. वर झाकण, त्याला दोन बटणं. एकीनं विचारलं, वर फूल भरू का? मी म्हटलं, काही भरायचं नाही, कसली खूण नको. ती हिरमुसली, पण माझं म्हणणं ठाम होतं.

पाचव्या दिवशी भाऊंचं पत्र आलं. नानांनी जळगावला कळवलं होतं. त्यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं, पण खरं लिहिलं तेच पुरेसं होतं: मुलगी अमावास्येला आली, जिनात हमालांसमोर मोठ्यानं बोलली, कुलूप फोडा म्हणाली. भाऊंच्या पत्रात चार ओळी होत्या. शब्द आला. मुनीमजी शनिवारी येत आहेत. सुटकेस घेऊन त्यांच्याबरोबर परत ये. पुढची गावं नकोत.

मी ते पत्र दोनदा वाचलं आणि माझं अंग संतापानं तापलं. मी काय केलं होतं? माझी स्वतःची वस्तू मागितली होती. ती वस्तू पेढीचा माल समजून कोंडून ठेवली, म्हणून तक्रार झाली, आणि तक्रार कुणाची, तर माझी. भाऊ दुष्ट नव्हते. दुष्ट असते तर सोपं गेलं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की मी सुखरूप पोचावं, आणि त्यांना पोचवायची एकच रीत ठाऊक होती.

शनिवारी वर्ग संपला. मुनीमजी सकाळच्या गाडीनं आले. मला अंगाखांद्यावर खेळवलेला म्हातारा माणूस, काळी टोपी, गळ्याशी गुंडाळलेला मफलर. त्यांना बघून माझा धीर सुटेल असं मला वाटलं होतं. सुटला नाही. मी त्यांच्याबरोबर स्टेशनवर गेले. सुटकेस त्या हमालाच्या डोक्यावर, कॅनव्हासची पिशवी माझ्या पाठीवर. रस्ताभर मुनीमजी माझ्याकडे बघत नव्हते. कुणी उघडं असल्यासारखे ते मान फिरवून चालत होते.

आधी दोंडाईचाकडची गाडी आली. मी हमालाकडून सुटकेस मुनीमजींच्या पायाशी ठेवून घेतली.

"मुनीमजी, ही भाऊंना द्या. मी रिकामी केलीय. साड्या, पुस्तकं, सगळं इथे आहे." मी पाठीवर हात नेऊन दाखवलं.

"आणि तू?"

"मी दोंडाईचाला चालले. वर्ग आहे."

"बाई," ते मफलर सारखा करत म्हणाले. "मी भाऊंना काय सांगू?"

"सांगा, माल परत आला."

हे मी म्हटलं खरं, आणि म्हटल्याबरोबर मला त्यांची दया आली, कारण त्यांचा काही दोष नव्हता. पण डब्याचं दार समोर होतं. मी दांडी धरली आणि चढले. दोन्ही हात मोकळे होते, म्हणून एका झटक्यात चढले. गाडी हलली तेव्हा मुनीमजी सुटकेसशेजारी उभे होते आणि हमाल मला हात करत होता.

दोंडाईचाला मी आडत्याकडे गेले नाही. वर्गातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे, त्यांच्या खोलीत राहिले. त्या एकट्या राहत, आणि त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, तिखट चालतं का.

पिशवीचे हाल मी लपवत नाही. पहिल्या दिवशी खांद्यांवर लाल वळ उठले. साड्या चुरगळायच्या, सुटकेसमध्ये कशा घड्या राहतात, इथे सगळं एकाच बोचक्यात. मी पितळी तांब्यात निखारे घालून त्या रोज सकाळी इस्त्री करायची. नेमकी हवी ती वस्तू तळाशी असायची, मग सगळं उपसा. बाजारातून जाताना पोरं मागून "पिट्ठू, पिट्ठू" ओरडायची. एका म्हातारीनं मला थांबवून विचारलं, काय विकतेस गं, बांगड्या की सुया? मी म्हटलं, काही विकत नाही. मग पाठीवर काय, असं तिनं अगदी रास्तपणे विचारलं.

पण माझे हात माझे होते. एका हातात तिकीट, एका हातात पाण्याची बाटली. पदर पट्ट्याखाली दाबून बसायचा, ढळायचा प्रश्न नाही. एस.टी.त दोन्ही हात मोकळे असलेल्या बाईशी माणसं जरा जपून वागतात, हा शोधही मला त्याच आठवड्यात लागला. आणि मुख्य म्हणजे मला कुणी ओळखत नव्हतं. सगळा मुलूख मार्का वाचायला टपलेला आणि माझ्यावर वाचण्यासारखं काहीच नाही. मी स्टेशनवर उतरून डावीकडे जायचं की उजवीकडे, हे मी ठरवत होते. पंचविशीला आलेल्या बाईला यात इतका आनंद व्हावा, याचीच मला चीड येत होती. आजही कुणी मला विचारतं, चारपाच गावं करायचीत, सुटकेस घेऊ की सॅक? मी घड्यांचं आणि चाकांचं काही बोलत नाही. मी विचारते, तुझ्याबरोबर कोण यावं असं तुला वाटतं? कुणीच नको असेल, तर तुला उचलेल तेवढंच घे.

भीती नव्हती असं नाही. रोज वाटायचं, आज कुणीतरी दारात येईल. कुणी आलं नाही. नंतर कळलं की भाऊंनी दोंडाईचाच्या आडत्याला तीन वेळा विचारलं होतं, आणि त्यानं तिन्ही वेळा खरं तेच कळवलं होतं: आपल्या मार्क्याचं काही उतरलेलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर उतरले. पाय खाली टेकला आणि भाऊ दिसले. हातात मिटलेली छत्री, धोतराला प्रवासाची धूळ. शिवणयंत्रांच्या विक्रेत्याकडून माझा यायचा दिवस काढून घेऊन ते आदल्या दिवसापासून दोंडाईचाची प्रत्येक गाडी बघत होते. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. चेहरा असा झाला होता की आधी सुटका वाटली की आधी राग आला, ते मला सांगता येणार नाही. बोलला तो राग.

"काढ ते पाठीवरचं."

"नाही भाऊ."

"लोक बघतायत. इथे सगळा बाजार मला ओळखतो. अमक्याची मुलगी हमाली करते, म्हणतील."

"करते ना. स्वतःची करते."

माझा आवाज चढला होता. चणेवाला वळून बघायला लागला. भाऊंनी हात वर केला आणि एक हमाल धावत आला. त्यानं माझ्या पिशवीला हात घातला. मी एक पाऊल मागे सरले आणि त्याला म्हटलं, "राहू द्या दादा." तो भाऊंकडे बघायला लागला, मी हमालाकडे बघत राहिले, आणि भाऊ जमिनीकडे. शेवटी हमाल खांदे उडवून निघून गेला.

मग भाऊंनी छत्री डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्यापुढे केला.

"आण. मी घेतो."

माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी ओझ्यासाठी हात पुढे केलेला मी पाहिला नव्हता. मी तेव्हा पिशवी दिली असती तर आम्ही दोघंही रडलो असतो, आणि सगळं गोड झालं असतं, आणि दुपारच्या गाडीनं मी जळगावला गेले असते. हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. म्हणून मी दिली नाही.

"भाऊ, मला झेपते," मी म्हटलं. "नऊ दिवस झेपलीय. मी आत्ता परत येणार नाही. वर्ग संपला की येईन, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन. तुम्हाला चालत नसेल, तर तुम्ही पुढे व्हा, मी मागून लांबून येते. कुणाला कळणार नाही आपण बरोबर आहोत."

त्यांचा हात तसाच थोडा वेळ पुढे राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, छत्री उजव्या हातात घेतली आणि चालायला लागले.

आम्ही आग्रा रोडनं पाचकंदील चौकाकडे निघालो. ते पुढे, मी मागे. दुकानं उघडत होती. भाऊंना नमस्कार करणारी माणसं आधी त्यांच्याकडे बघत आणि मग माझ्याकडे, आणि मग त्यांच्या हातांना नमस्काराचाच विसर पडायचा. माझे कान तापले होते, पण मी मान खाली घातली नाही. ओझं वर बांधलेलं असलं की मान खाली घालताच येत नाही, हेही एक बरं असतं.

आमच्यात आधी वीस पावलं होती. चौकाशी आलो तेव्हा पाच राहिली. मी चाल वाढवली नव्हती.

धुळ्याचे आमचे आडते गादीवरून उठून पायरीवर आले. भाऊंना हात जोडले, मला पाहिलं, पाठीवरची पिशवी पाहिली आणि गोंधळले.

"भाऊ, हे काय? स्टँडवर हमाल नाही मिळाला का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मिळाला होता," ते तुटकपणे म्हणाले. "हिनं घेतला नाही."

आडते आणखी काहीतरी विचारणार होते, पण भाऊ पायरी न चढता पुढे निघाले होते. मला त्यांना गाठायला भरभर चालावं लागलं. चौक ओलांडून झाल्यावर, समोर बघतच, त्यांनी विचारलं, "वर्ग किती वाजता असतो तुझा?"